मुकी झालेली किल्ली

रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी चकती, वजनानें अवघी तीन ग्रॅम, एके दिवशीं काम करीनाशी होते आणि पांच माणसांना घेऊन घाट चढणारी मोटार आपल्या धन्याला ओळखीनाशी होते. दाराच्या मुठीवरचें बटण दाबा, दार उघडत नाहीं. हातांतल्या किल्लीवरचें बटण दाबा, गाडी डोळे मिचकावीत नाहीं. घरांत कोणी आजारी आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत, रुग्णालय गांठावयाचें आहे. किंवा लग्नाहून परततांना आडरस्त्याला पाऊस कोसळतो आहे आणि बरोबर वृद्ध आईवडील आहेत. अशा वेळीं मनुष्य तेंच बटण वीस वेळां दाबतो, मग आंगठ्याचें नख पांढरें पडेपर्यंत दाबतो, आणि शेवटीं गाडी ओढून नेणाऱ्याला फोन लावतो. वास्तविक त्या गाडींत कांहींएक बिघाड झालेला नसतो. तिच्यांत शिरण्याचा एक आणि तिला चालू करण्याचा एक, असे दोन मार्ग त्या थकलेल्या चकतीवांचूनहि उघडे असतात. कारखानदारानें ते मुद्दाम राखलेले असतात, गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत छापलेलेहि असतात. परंतु ती पुस्तिका वेष्टनांतून बाहेर काढण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. ती तसदी आज आपण सर्वांनीं मिळून घ्यावी, एवढ्यासाठीं हें भाषण.

या गाड्यांना 'कीलेस', म्हणजे बिनकिल्लीच्या, म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हें नांव फसवें आहे. किल्ली नाहींशी झालेली नाहीं. तिचे दांते तेवढे दिसेनासे झाले आहेत. पूर्वींची किल्ली कुलपाशीं स्पर्शानें बोलत असे, आतांची दुरून बिनतारी बोलते. आपण दाराच्या मुठीला हात लावला किंवा तिच्यावरचें बारीक बटण दाबलें, कीं गाडींत ठिकठिकाणीं बसविलेल्या अँटेना सुमारें १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनीं एक हाक देतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरींचा पट्टा ५३० किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतो. तेव्हां ही हाक त्याच्याहि पुष्कळ खालच्या सुरांतली. अशा लहरींचें चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्यानें क्षीण होतें. हाक एखाद्या-दुसऱ्या मीटरपलीकडे नीटशी पोहोंचत नाहीं, आणि म्हणूनच किल्ली गाडीच्या आंत आहे कीं बाहेर हें गाडीला अजमावतां येतें. खिशांतली किल्ली ती हाक ऐकते आणि गुप्त संकेतांत उत्तर धाडते. उत्तर मात्र फार उंच सुरांत, बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफ. एम. च्या कार्यक्रमांच्या सुमारें चौपट कंपनसंख्येनें जातें. उत्तर पटलें कीं दार उघडतें. हा सारा संवाद डोळ्याचें पातें लवावयाच्या आंत संपतो, म्हणून तो चालला होता हेंहि आपल्याला कळत नाहीं. बंद पडतो तेव्हांच कळतें.

मेख अशी कीं, ऐकण्याला आणि बोलण्याला किल्लीला स्वतःची शक्ति लागते आणि ती पुरविते ती आपली चकती. ती थकली कीं किल्ली मुकी होते. मुकी होते म्हणजे मरत नाहीं, हें ध्यानांत धरावें. तिचा गुप्त संकेत तिच्या पोटांत जसाच्या तसा असतो.

पुढें जाण्यापूर्वीं शब्दांचा एक घोळ मिटवूं. किल्लींतल्या चकतीला मी सेल म्हणेन, आणि गाडींतल्या बारा व्होल्टच्या जड पेटीला बॅटरी. 'बॅटरी गेली' या दोन शब्दांनीं फोनवर फार गफलत होते. मेकॅनिक बिचारा बारा व्होल्टची पेटी उचलून घेऊन येतो आणि हवी असते ती थोडक्या रुपयांची चकती. किंवा याच्या उलट. हा फरक घरबसल्या ओळखतां येतो, आणि तो ओळखतां आला कीं अर्धी लढाई जिंकली.

प्रथम किल्ली पर्समधून किंवा खिशांतून बाहेर काढावी. ती मोबाइलला खेटून असली, नाण्यांच्या ढिगाखालीं असली, तर चांगला सेल असूनहि तिचें बोलणें दबतें. प्रक्षेपणाचे मनोरे, विजेचीं मोठीं केंद्रें, विमानतळ यांच्या निकटहि कधीं कधीं असेंच होतें. तेथल्या गोंगाटांत किल्लीचा क्षीण आवाज गाडीला ऐकूं येत नाहीं. किल्ली हातांत मोकळी धरून दाराशीं न्यावी आणि पुन्हां पाहावें. तरीहि उत्तर नाहीं, तर घरांतली दुसरी किल्ली आणावी. दुसरीनें गाडी तत्काळ उघडली तर पहिलीचा सेल संपला, हें सिद्ध झालें. दुसरी जवळ नसेल तर पुढें सांगतों त्या रीतीनें दार उघडून आंत बसावें आणि चालकासमोरच्या तबकडीकडे पाहावें. दिवे लख्ख लागले आणि 'किल्ली सांपडत नाहीं' अशा अर्थाची सूचना किंवा किल्लीचें चित्र उमटलें, तर दोष किल्लीचा. दिवे लागलेच नाहींत, अथवा मंद लागून विझले, अथवा नुसती टक् टक् ऐकूं आली, तर दोष गाडीच्या बॅटरीचा. तेथें किल्लींत शंभर नवे सेल घातले तरी उपयोग नाहीं, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडणें भाग आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींनाहि ही लहान बारा व्होल्टची बॅटरी बहुधा असतेच, आणि ती बसली तर पोटांत एवढा मोठा वीजसाठा असूनहि गाडी जागी होत नाहीं, ही गंमत अनेकांना ठाऊक नसते.

आतां आंत शिरण्याचा मार्ग. हा निव्वळ धातूचा आहे. किल्लीच्या कडेला किंवा पाठीवर एक बारीक खटका असतो. तो सरकवून किंवा दाबून ओढलें कीं आंतून एक चिमुकलें पातें निघतें. हीच आपली जुनी किल्ली. वनवासांत अज्ञातवासहि भोगणारी. चालकाच्या दाराला तिचें छिद्र असतें. कांहीं गाड्यांत तें उघड दिसतें, कांहींत तें मुठीच्या टोकाशीं रंगीत टोपणाखालीं दडवलेलें असतें. त्या टोपणाच्या खालच्या कडेला बोटानें चांचपलें तर एक अरुंद फट लागते. पात्याचें टोंक तींत घालून हलकेंच वर उचललें, कीं टोपण निघतें. हें दिवसाउजेडीं एकदां करून पाहिलें असेल तर अंधारांत दोन मिनिटांचें काम आहे. पाहिलें नसेल तर भर उन्हांतहि तें छिद्र सांपडत नाहीं.

येथें दोन गोष्टींची आगाऊ कल्पना असावी. पहिली अशी कीं, पात्यानें दार उघडतांच कांहीं गाड्या भोंगा वाजवूं लागतात. त्यांच्या दृष्टीनें ओळख न पटवितां कोणीतरी आंत शिरलेलें असतें. अशा वेळीं लोक घाबरून दार पुन्हां लावून घेतात आणि शेजाऱ्यांपुढें ओशाळे होऊन उभे राहतात. भोंगा वाजूं द्यावा, शांतपणें आंत बसावें. गाडीची ओळख पटून ती चालू झाली कीं तो आपोआप थांबतो. दुसरी गोष्ट कुलपाची. जें छिद्र चार वर्षांत एकदांहि वापरलें गेलें नाहीं त्यांत धूळ बसते, कोंकणच्या पावसाळ्यांत गंज धरतो, आणि नेमकें नडीच्या वेळीं तें फिरत नाहीं. पातें नाजूक असतें. बळ करावें तर वांकतें. म्हणून वर्षांतून दोन-चार वेळां तें कुलूप हातानें फिरवावें. यापरतें दुसरें वंगण नाहीं.

दार उघडलें, गाडी अजून चालू व्हावयाची आहे. तिला चालू करण्याचा मार्ग मला अधिक मोहक वाटतो, म्हणून त्याच्यापाशीं जरा रेंगाळण्याची परवानगी असावी. मायकेल फॅराडेनें १८३१ सालीं दाखवून दिलें कीं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रांत तारेचें वेटोळें धरलें तर त्या तारेंत वीज उत्पन्न होते. आपल्या किल्लींत सेलशीं कांहीं देणेंघेणें नसलेलें असें एक सूक्ष्म वेटोळें आणि त्याला जोडलेली एक चिप असते. गाडींतहि बटणाच्या भोंवतीं किंवा दुसऱ्या एका ठराविक जागीं असेंच वेटोळें असतें. दोन्ही वेटोळीं एकमेकांपासून बोट-दोन बोटें अंतरावर आणलीं, कीं गाडीच्या क्षेत्रामुळें किल्लीच्या वेटोळ्यांत किंचित् वीज उत्पन्न होते. ती इतकी थोडी असते कीं तिनें साधा दिवाहि मिणमिणणार नाहीं. परंतु चिपला जागें होऊन आपला संकेत सांगण्यापुरती ती पुरते. भुकेल्या पाहुण्याला आधीं घोटभर पाणी देऊन मग नांवगांव विचारावें, तसा हा प्रकार आहे. शक्ति गाडीची, ओळख किल्लीची. टोलनाक्यावर काचेला चिकटविलेला जो फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे सक्तीचा झाला, त्यांतहि सेल नसतो; तोहि नाक्यावरील यंत्राच्या लहरींतून शक्ति घेऊनच उत्तर देतो. लहरी वेगळ्या, तत्त्व एकच.

ही बिनसेलची चिप किल्लींत आली ती सोयीसाठीं नव्हे, चोरांच्या धाकानें. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत युरोपांत मोटारींच्या चोऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. युरोपीय संघानें १९९५ मध्यें निर्देश काढला आणि १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला: म्हणजे किल्लीनें आपला संकेत सांगितल्यावांचून इंजिन चालूच होऊं नये अशी योजना. त्या वेळच्या साध्या लोखंडी किल्लीच्या काळ्या डोक्यांत ही चिप बसूं लागली. पुढें दशकाच्या अखेरीस मर्सिडीज-बेंझनें 'कीलेस-गो' आणली, दांते लोपले, बटण आलें. चिप मात्र राहिली. संकटसमयीं कामीं येणारी ही दाई आपल्या घरांत पूर्वींपासूनच आहे. आणि बटणाचें म्हणाल तर तेंहि नवें नाहीं. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा त्रास संपूं लागला. त्यानंतर पुष्कळ वर्षें किल्लीनें वीज सुरू करून इंजिन फिरविण्यासाठीं वेगळें बटण किंवा पायखटका दाबावा लागे. किल्ली फिरवूनच इंजिन चालू करण्याची तऱ्हा क्रायस्लरनें १९४९ च्या गाड्यांत आणली. म्हणजे आज ज्या बटणाची ऐट मिरवली जाते तें आपल्या पणजोबांच्या गाडीलाहि होतें. असो.

प्रत्यक्ष करावयाचें तें असें. आसनावर बसावें. गाडी स्वयंचलित गिअरची असेल तर ब्रेकचें पेडल, नाहीं तर पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें क्लच, घट्ट दाबून धरावें. आणि किल्ली त्या ठराविक जागेला टेकवावी. ही जागा कोणती, यावर मात्र कारखानदारांचें एकमत नाहीं. ह्युंदाईच्या बहुतेक गाड्यांत किल्लीनेंच बटण दाबावयाचें असतें. टोयोटाच्या गाड्यांत किल्लीची बोधचिन्हाची बाजू बटणाला टेकवावयाची, आवाज झाला कीं दहा सेकंदांच्या आंत बोटानें बटण दाबावयाचें. होंडाची रीत याच्याच जवळपासची. सुझुकीच्या गाड्यांत आधीं बटण दाबून, दिवा लुकलुकत असतांना, किल्लीचें कुलूप-बटणाकडील टोंक त्याला टेकवितात. फोक्सवॅगनच्या कांहीं गाड्यांत ती जागा सुकाणूच्या दांड्याच्या उजव्या अंगाला असते, तर दुसऱ्या कांहीं गाड्यांत दोन आसनांमधल्या खणांत किल्ली ठेवण्याचा खास कप्पाच असतो. एकाच कारखान्याच्या दोन वर्षांच्या गाड्यांतहि फरक पडतो, म्हणून आपल्या पुस्तिकेंतलें तेवढें पान पाहून त्याचें छायाचित्र मोबाइलमध्यें ठेवावें हें उत्तम. मला या बाबतींत कारखानदारांचा राग येतो. पेला ठेवावयाच्या खळग्याला दिवे लावणाऱ्यांना या जागेवर किल्लीचें एक ठळक चित्र कोरणें जड जाऊं नये. कांहींनीं तें कोरलें आहे. बाकीच्यांनीं ग्राहकाच्या स्मरणशक्तीवर भार टाकला आहे.

येत्या रविवारीं एक प्रयोग करून पाहा. किल्लींतला सेल काढून ठेवा आणि गाडी उघडून चालू करून दाखवा. घरांत जे जे गाडी चालवितात त्या प्रत्येकाकडून हें करवून घ्या. विशेषतः ज्यांना 'तुला काय करावयाचें आहे यंत्राचें' म्हणून आजवर दूर ठेवलें गेलें त्या गृहिणींकडून. गाडी रात्रीं बंद पडते तेव्हां यंत्राचें ज्ञान असलेले गृहस्थच चालकाच्या जागीं असतील असा नेम नाहीं. प्रयोगाच्या वेळीं दुसरी किल्ली मात्र खिशांत ठेवूं नका. नाहीं तर ती मुकाट्यानें उत्तर देऊन मोकळी होईल आणि आपण केल्याचें खोटें समाधान तुमच्या पदरीं पडेल.

एकदां चालू झालेली गाडी वाटेंत किल्लीचा सेल संपला म्हणून थांबत नाहीं. तशी भीति बाळगूं नये. किल्ली गाडींतून निघून गेली तरीहि ती सहसा सूचना देऊन चालतच राहते, आणि यांतून एक वेगळाच घोटाळा संभवतो. किल्ली पत्नीच्या पर्समध्यें. पति तिला स्टेशनावर सोडून निघतो, गाडी टुंग करते, तिकडे त्याचें लक्ष जात नाहीं, आणि खोपोलीला चहासाठीं इंजिन बंद केल्यावर तें पुन्हां चालू होत नाहीं. किल्ली मुकी आहे कीं मैलोगणती दूर आहे, हें गाडीला निराळें कळत नाहीं; दोन्ही वेळां ती एकच सूचना देते. म्हणून ती सूचना दिसतांच प्रथम किल्ली कोठें आहे तें पाहावें.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. किल्ली आंत विसरली तर गाडी कुलूप लावूं देत नाहीं, या सोयीवर आपण फार विसंबूं लागलों आहों. डिकींत पिशव्या ठेवतांना किल्ली त्यांच्याबरोबर ठेवून झांकण आदळावें, तर चांगली गाडी ओरडते किंवा झांकण पुन्हां उघडते. परंतु ही राखण किल्लीच्या उत्तरावर अवलंबून आहे. सेल थकलेला असला तर आंत किल्ली आहे हें गाडीला कळेलच असें नाहीं, आणि मग ती पातें पोटांत असलेली किल्ली घेऊन निमूटपणें बंद होऊं शकते. आंत लहान मूल असेल तर काय, हा विचारहि नको वाटतो. पण तो करावयास हवा. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारीचें आंतलें तपमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनीं चढतें, आणि मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या शरीराहून किती तरी लवकर तापतें. अशा प्रसंगीं दुसरी किल्ली घरून येण्याची वाट पाहूं नये. ११२ वर फोन करावा, आणि मूल कोमेजलेलें दिसलें तर त्याच्यापासून दूरच्या बाजूची खिडकी फोडावी. कांच पुन्हां बसवितां येते.

आतां सेलविषयीं. त्याच्या पाठीवर बहुधा सी. आर. २०३२ असें लिहिलेलें असतें. हें गूढ नाहीं. पहिलें अक्षर आंतल्या रसायनांचें, म्हणजे लिथियम व मँगेनीज डायॉक्साइड यांच्या जोडीचें. दुसरें आकार गोल असल्याचें. २० हा मिलिमीटरमधला व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. म्हणून दुकानदार '२०२५ चालेल हो' म्हणाला तर तें चालत नाहीं असें समजावें. तो सेल सात दशांश मिलिमीटरनें पातळ असतो आणि किल्लीच्या पोटांत सैल राहून मधूनच दगा देतो. कांहीं किल्ल्यांना १६३२ लागतो, कांहींना २४५०. जुना सेल बरोबर नेणें हेंच बरें. या जोडीचा गुण असा कीं तिचा दाब आयुष्यभर तीन व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटीं एकाएकी कोसळतो. हा गुणच घात करतो, कारण ताकीद फार थोडी मिळते. पूर्वीं वीस पावलांवरून उघडणारी गाडी आतां पांच पावलांवरून उघडूं लागली, बटण दोनदां दाबावें लागलें, किंवा तबकडीवर तशी सूचना झळकली, कीं समजावें. उद्यांवर टाकूं नये.

सेल साधारणतः दोन-तीन वर्षें टिकतो, परंतु राहणीवर तें अवलंबून आहे. किल्ली रात्रभर गाडीच्या दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेली असेल तर गाडीची प्रत्येक हाक तिला जागें करीत राहते. दूरदर्शन संच, संगणक, मोबाइलचा चार्जर यांच्या शेजारीं ठेवली तरी त्यांच्या लहरींनीं तिची झोंपमोड होते. तिला या सर्वांपासून थोडें दूर ठेवावें. पत्र्याचा झांकणाचा डबा उत्तम. त्यांत तिला हाकहि ऐकूं येत नाहीं आणि बाहेरून कोणा चोराला लहरी पकडून तिच्याकरवीं उत्तर वदवूनहि घेतां येत नाहीं. हा दुसरा धोका काल्पनिक नाहीं: झुरिचच्या तंत्रविद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ मध्यें आठ कारखान्यांच्या दहा मोटारी तपासल्या आणि दहाहि या युक्तीनें उघडल्या व चालू केल्या. एक गोष्ट आणखी. कपाटांतली दुसरी किल्ली म्हणजे आपला विमा असें आपण मानतों. परंतु दोन्ही किल्ल्यांत सेल एकाच दिवशीं बसलेले असतात, आणि कपाटांतली किल्लीहि कान टवकारूनच पडलेली असते. दोघी आगेमागेंच मुक्या होण्याचा संभव फार. एकीचा सेल बदलला कीं दुसरीचाहि बदलावा.

बदलणें हें काम घरचें आहे. त्यासाठीं गाडी दुकानांत नेण्याचें कारण नाहीं. पातें बाहेर काढल्यावर जी खांच उघडी पडते तींत चपट्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर, टोंकाला फडकें गुंडाळून, घालावा आणि हलकेंच पिळावा. किल्लीचे दोन दळ विलग होतात. सेलची '+' लिहिलेली बाजू वर होती कीं खालीं तें आधीं पाहून ठेवावें. नवा सेल कडेनें धरावा, बोटांचा घाम दोन्ही तोंडांना लागूं देऊं नये. धातूच्या पट्ट्या वांकवूं नयेत. दळ दाबून बंद केले कीं झालें. सेल काढल्यानें किल्ली गाडीला विसरते ही समजूत बहुतेक गाड्यांच्या बाबतींत निराधार आहे. संकेत सेलवांचूनहि चिपमध्यें टिकून राहतो. क्वचित् दूरचें बटण पुन्हां जुळवून घ्यावें लागतें, त्याची कृति त्याच पुस्तिकेंत असते. पुन्हां भरतां येणारा तशाच आकाराचा सेल मिळतो तो मात्र घालूं नये. त्याचा दाब चार व्होल्टच्या वर जातो आणि किल्ली तीन व्होल्टच्या हिशोबानें घडविलेली असते.

हें काम करतांना लहान मूल खोलींत असूं नये, आणि सुटा सेल टेबलावर क्षणभरहि ठेवूं नये. किल्लीला मुका वाटणारा सेल मुलाच्या घशांत मुका राहत नाहीं. २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेंत नेमका अडकतो; ओल्या पेशींतून वीज वाहूं लागते, त्याच्या ऋण तोंडापाशीं दाहक क्षार तयार होतो, आणि दोन तासांच्या आंत अन्ननलिका जळूं शकते. किल्ली चालविण्याला अपुरी पडणारी शक्तिहि या कामाला पुरते. मूल सुरुवातीला रडेलच असें नाहीं. नुसती लाळ गळते, खोकला येतो, जेवण नको म्हणतें. सेल गिळल्याचा संशय जरी आला तरी तडक एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें. ओकारी काढूं नये, दूध-भात भरवूं नये. मूल एक वर्षाहून मोठें असेल, गिळून बारा तासांहून अधिक काळ लोटला नसेल आणि त्याला गिळतां येत असेल, तर वाटेनें दर दहा मिनिटांनीं दोन चमचे मध, जास्तींत जास्त सहा वेळां, द्यावा असा विषबाधातज्ज्ञांचा सल्ला आहे. परंतु घरांत मध नाहीं म्हणून तो आणावयास थांबूं नये. नाकांत किंवा कानांत सेल घातला तरी तितकीच घाई करावी.

काढलेल्या सेलच्या दोन्ही तोंडांवर लगेच चिकटपट्टी लावावी, म्हणजे तो दुसऱ्या सेलशीं किंवा धातूशीं टेकून तापणार नाहीं, आणि तो उंचावरच्या बंद डब्यांत ठेवावा. ओल्या-सुक्या कचऱ्यांत तो टाकावयाचा नाहीं. २०२२ च्या नियमांप्रमाणें वापरलेले सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रांतहि ते देतां येतात. डबा भरला कीं तेथें नेऊन द्यावा.